तिच्याबरोबर आत कोण जाते? : अत्याचारग्रस्त स्त्रीच्या सोबतिणीचा इतिहास

२६ मार्च १९७२ ची रात्र. त्या वेळच्या चंद्रपूर आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अनाथ आदिवासी मुलीला बोलावले होते. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. ती मोलमजुरी करून पोट भरायची. एका तरुणाशी तिचे लग्न ठरत होते, ते भावाला पसंत नव्हते, म्हणून त्याने तक्रार दिली होती. जबाब झाले आणि सगळे निघाले. तेव्हा पोलिसांनी तिला थांबायला सांगितले आणि बाकीच्यांना बाहेर जायला सांगितले. बाहेर तिची माणसे उभी होती. आतले दिवे गेले, दार लागले. ती बाहेर आली तेव्हा तिने घडलेले सांगितले. जमाव जमला, ठाणे पेटवायची भाषा झाली, तेव्हा कुठे तक्रार नोंदवली गेली.

देशाला ही मुलगी 'मथुरा' या नावाने माहीत आहे. पीडितेची ओळख उघड करू नये हा कायदा तेव्हा नव्हता. तो पुढे तिच्याच खटल्यामुळे आला.

या घटनेत माणसे कमी नव्हती. भाऊ होता, होणारा नवरा होता, जिच्या घरी ती राबायची ती बाई होती, नंतर अख्खी वस्ती जमली. पण आत तिच्याजवळ थांबेल, "मी इथून हलणार नाही, तो माझा अधिकार आहे" असे पोलिसाला सांगेल, असे कोणी नव्हते. तशी माणसे तयार करायला समाजाला किती वर्षे लागली आणि अजून किती काम उरले आहे, याचा हा आढावा आहे. भिवंडीच्या कामतघरात बसून तो घेण्यालाही कारण आहे. ते पुढे येईलच.

दोन खटले, एकच प्रश्न

मथुराचा खटला सत्र न्यायालयात गेला. १९७४ साली दोन्ही पोलीस सुटले. वैद्यकीय अहवालात दोन बोटांच्या तपासणीचा निष्कर्ष होता, त्यावरून तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचे मानले गेले. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे उच्च न्यायालयाने मानले आणि दोघांना शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, हे त्या निकालातले मुख्य मुद्दे होते.

त्याच १९७८ साली हैदराबादेत रमीझा बी नावाच्या मुस्लिम स्त्रीवर पोलीस ठाण्यात अत्याचार झाला. तिचा नवरा अहमद हुसेन सायकलरिक्षा चालवायचा. त्याने विरोध केला, तर पोलिसांनी त्याला इतके मारले की तो गेला. हजारो लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, संचारबंदी लागली. न्यायमूर्ती मुक्तदर आयोग नेमला गेला आणि आयोगाने पोलिसांना दोषी ठरवले. पण त्या सुनावणीत पोलिसांच्या बाजूने प्रश्न कशावर विचारले गेले? तिच्या चारित्र्यावर, तिचा निकाह खरा होता की नव्हता यावर. खटला पुढे कर्नाटकात रायचूरला हलवण्यात आला आणि १९८१ साली आरोपी सुटले.

दोन्ही ठिकाणी समाज संतापला होता. संताप पहिल्या आठवड्यात उपयोगी पडतो, कारण त्याशिवाय तक्रारच नोंदली जात नाही. पण जबाब, वैद्यकीय तपासणी, ओळख परेड, उलटतपासणी, अपील ही वाट वर्षानुवर्षांची असते. जमाव तेवढा काळ थांबत नाही.

चार प्राध्यापकांचे पत्र आणि त्यानंतर

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सुमारे एक वर्षाने, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांतला फरक न्यायालयाला दिसला नाही, हा त्या पत्राचा गाभा. पत्र वर्तमानपत्रांतून पसरले. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत 'फोरम अगेन्स्ट रेप' उभा राहिला आणि ८ मार्चला अनेक शहरांत बायका रस्त्यावर आल्या.

त्यातून १९८३ चा कायदा आला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा ठरला. तिथे स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालय ते गृहीत धरील, ही तरतूद झाली. सुनावणी बंद दाराआड घेणे आणि पीडितेचे नाव न छापणे हेही तेव्हाच आले.

इतिहास सांगताना आपण बहुधा इथेच थांबतो. पण मुंबईतल्या त्या बायकांना लवकरच एक वेगळी गोष्ट कळली. मोर्चा संपल्यावर बायका त्यांच्याकडे यायला लागल्या. कुणाला घरात मार होता, कुणावर अत्याचार झाला होता. त्यांना घोषणा नको होत्या. पोलीस ठाण्यात सोबत हवी होती, रात्री झोपायला जागा हवी होती, अर्ज लिहून देणारे कोणी हवे होते. 'फोरम'ने पुढे आपल्या नावातला 'रेप' हा शब्द बदलून स्त्रियांवरील सर्व दडपशाहीला विरोध करणारे नाव घेतले आणि मुंबईत महिला केंद्र सुरू झाले. स्वतः घरातली मारहाण सोसलेल्या फ्लेव्हिया ॲग्नेस याच काळात पुढे आल्या, नंतर कायदा शिकल्या आणि 'मजलिस' ही संस्था त्यांनी उभी केली.

मुस्लिम स्त्रियांचा धागाही याच काळातला आहे. तलाकचा अनुभव घेतलेल्या शहनाज शेख यांनी १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि त्या लढ्यातून मुंबईत 'आवाज-ए-निस्वाँ' ही संघटना उभी राहिली. मोहल्ल्यातली बाई आपले दुखणे आपल्याच भाषेत सांगू शकेल अशी जागा तयार झाली. सुरुवात तलाक आणि पोटगीपासून झाली, पण एकदा दार उघडले की बाई फक्त तेवढेच घेऊन येत नाही.

सोबतीचे शिक्षण

अमेरिकेत हे काम १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाले. १९७१-७२ मध्ये बर्कली आणि वॉशिंग्टन येथे अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी पहिली मदत केंद्रे निघाली. ती चालवणाऱ्या बहुतेक जणी बिनपगारी स्वयंसेविका होत्या आणि त्यांतल्या कित्येकींनी स्वतः हे भोगलेले होते. १९७४ साली ॲन बर्जेस ही परिचारिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ या दोघींनी बोस्टनच्या रुग्णालयात आलेल्या स्त्रियांशी बोलून लिहिले की अशा प्रसंगानंतर कुणी रडते, तर कुणी अगदी शांत, कोरडी दिसते. शांत दिसणारी बाई खोटे बोलते, हा पोलीस आणि न्यायाधीशांचा समज त्यामुळे हलला.

या स्वयंसेविकांना तिकडे 'ॲडव्होकेट' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द काळ्या कोटाने घेतलेला आहे, म्हणून मी 'सोबतीण' म्हणतो. कॅलिफोर्नियात सोबतीण होण्यासाठी ४० तासांचे प्रशिक्षण कायद्यातच लिहिले आहे. वैद्यकीय तपासणीच्या वेळी सोबतीण जवळ असणे हा तिथे पीडितेचा हक्क आहे आणि त्या दोघींत झालेले बोलणे न्यायालयालाही सहसा उघड करायला लावता येत नाही.

प्रशिक्षणात काय शिकवतात? मुख्यतः आपल्या चांगल्या सवयी मोडायला. बाई सांगू लागली की आपण विचारतो, "तू तिथे गेलीसच कशाला?" या 'कशाला'मध्ये दोष तिच्यावर येतो. सोबतिणीने तपास करायचा नसतो, तो पोलिसांचा विषय. तिने सल्ला लादायचा नसतो. समोर कोणत्या वाटा आहेत, प्रत्येक वाटेवर काय होईल हे सांगायचे आणि निवड तिच्यावर सोडायची. जिच्या शरीरावर तिचा ताबा काढून घेतला गेला, तिच्या निर्णयावरचाही ताबा आपण घेऊ नये, हे त्यामागचे कारण. जबाब काय द्यायचा हे तर कधीच शिकवायचे नाही. पढवलेला जबाब उलटतपासणीत पहिल्यांदा कोसळतो. आणि ऐकलेले घरी नवऱ्यालासुद्धा सांगायचे नाही.

भारतात यात दोन अडचणी आहेत आणि त्या शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हव्यात. एक म्हणजे, वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला आपल्या कायद्यात संरक्षण आहे, पण सोबतिणीला ते नाही. तिला साक्षीला बोलावता येते. दुसरी अशी की मुलगी अठरा वर्षांखालची असेल, तर 'पोक्सो' कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. "मी कुणालाच सांगणार नाही" असे वचन अल्पवयीन मुलीला देता येत नाही. ते देऊन मग मोडणे म्हणजे तिच्या विश्वासाचा दुसऱ्यांदा घात.

महाराष्ट्राने काय उभे केले

१९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून पोलीस मुख्यालयात स्त्रिया आणि मुलांसाठी 'विशेष कक्ष' उघडला. समाजकार्य शिकलेल्या बायका पोलिसांच्या इमारतीत बसू लागल्या. पुढे हा प्रयोग महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांतही गेला.

२००० साली 'सेहत' ही संशोधन संस्था आणि मुंबई महानगरपालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केले. घरात मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जायच्या आधी दवाखान्यात जाते, "जिन्यावरून पडले" म्हणते. म्हणून डॉक्टर, परिचारिका आणि आयांना ते ओळखायला शिकवण्यात आले. २००८ पासून 'सेहत'ने महापालिकेच्या काही रुग्णालयांत लैंगिक अत्याचाराच्या तपासणीची पद्धत बदलायला घेतली. 'मजलिस'ने २०११ साली 'राहत' हा उपक्रम काढला. पोलीस ठाण्यापासून निकालापर्यंत एकाच स्त्रीबरोबर चालायचे, हे त्याचे स्वरूप.

न्यायालयानेही यात भर घातली होती. १९९३ साली रेल्वेत सहा घरकामगार मुलींवर जवानांनी केलेल्या अत्याचारानंतर दिल्लीतल्या घरकामगार स्त्रियांच्या संघटनेने याचिका केली. त्यावर ऑक्टोबर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पीडितेला पोलीस ठाण्यातच कायद्याची मदत मिळाली पाहिजे. ती देणाऱ्याने मानसिक आणि वैद्यकीय मदत कुठे मिळेल हेही सांगावे, आणि तिला हा हक्क आहे हे पोलिसांनी तिला आधीच कळवावे. एवढा स्पष्ट आदेश असूनही तो किती ठाण्यांत पाळला जातो, हे ज्याने त्याने आपल्या ठाण्यात पाहावे.

दोन बोटांची तपासणी मथुराच्या अहवालात होती. ती २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हक्कांचा भंग ठरवली, २०१४ च्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी बंद केली, आणि ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की अशी तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल. पन्नास वर्षे लागली.

मुस्लिम वाचकाला या वाटेची लांबी बिल्किस बानोच्या खटल्यात दिसते. २००२ मध्ये गुन्हा, स्थानिक तपासात प्रकरण बंद, मग मानवी हक्क आयोगाची मदत, २००३ च्या अखेरीस सीबीआय, २००४ मध्ये खटला गुजरातमधून मुंबईत, जानेवारी २००८ मध्ये शिक्षा, २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ती कायम आणि पोलीस व डॉक्टरही दोषी. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी आरोपींची सुटका आणि ८ जानेवारी २०२४ रोजी ती सुटका रद्द. एकवीस वर्षांहून अधिक. तिचे धैर्य तिचे स्वतःचे आहेच. पण वकील, कार्यकर्त्या आणि आसरा देणारी माणसे टप्प्याटप्प्याला नसती, तर हा खटला बंद झालेल्या फायलीतच राहिला असता.

इज्जतीचा गुंता

आपल्या मोहल्ल्यात एक अडचण कायद्याबाहेरची आहे. घरावर असा प्रसंग आला की पहिला विचार इज्जतीचा होतो. मुलीला गावी पाठवा, आरोपीशीच निकाह लावा, चार बुजुर्गांना बसवून मिटवा. ही रीत फक्त मुसलमानांची नाही, सगळ्या जातिधर्मांच्या पंचायती हेच करतात. पण कायद्याने बलात्कारात तडजोड होत नाही, आणि लग्नाच्या नावाखाली केलेली तडजोडही चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली बजावले आहे.

दीनच्या नावानेही गैरसमज पसरवले जातात. चार साक्षीदारांची अट बाईवर व्यभिचाराचा आळ घेणाऱ्यासाठी आहे, तिच्या संरक्षणासाठी आहे. अत्याचार झालेल्या बाईने चार साक्षीदार आणावेत, असा तिचा अर्थ नाही. जिच्यावर जबरदस्ती झाली ती गुन्हेगार नाही, यावर फिक्हच्या जाणकारांचे एकमत आहे. प्रेषितांच्या काळात नमाजला निघालेल्या एका स्त्रीवर वाटेत अत्याचार झाला. तिने येऊन सांगितले, तेव्हा तिचे सांगणे ऐकले गेले आणि तिला दोष दिला गेला नाही, हा प्रसंग हदीसच्या प्रसिद्ध संग्रहांत आहे. पाकिस्तानात १९७९ च्या हुदूद अध्यादेशाने या दोन गोष्टींची सरमिसळ केली. १९८३ मध्ये साफिया बीबी या अंध तरुणीने अत्याचाराची तक्रार केली, तर तिलाच शिक्षा सुनावली गेली. तिथल्या मुस्लिम स्त्रियाच याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. वरच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि २००६ मध्ये कायदा बदलला.

इज्जत जायची असेल, तर ती करणाऱ्याची जावी. हे वाक्य भाषणात सोपे आहे. नात्यातल्या माणसावर आरोप असतो तेव्हा ते अवघड होते, आणि बहुतेक वेळा तसेच असते. राष्ट्रीय गुन्हे नोंदींत दरवर्षी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा निघतो. म्हणूनच घरातल्या माणसांपेक्षा वेगळी, घराच्या दबावाखाली नसलेली सोबतीण लागते.

कामतघरातून पाहताना

आता भिवंडीकडे येऊ. वऱ्हाळ देवी तलावाच्या काठचे कामतघर म्हणजे जुने गाव आणि त्याभोवती वाढलेली यंत्रमागांची वस्ती. इथे आगरी-कोळी बोली आहे, मराठी आहे, तेलुगू विणकरांची घरे आहेत, उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कामगारांची उर्दू, हिंदी आणि भोजपुरी आहे. पोलीस ठाण्यातली फिर्याद मात्र मराठीत लिहिली जाते. बाई तेलुगूत किंवा भोजपुरीत सांगते, शिपाई मराठीत लिहितो, खाली तिचा अंगठा. तीन वर्षांनी न्यायालयात वकील विचारतो, "जबाबात तर असे लिहिलेले नाही?" खटला तिथेच कमकुवत होतो. तिची भाषा आणि मराठी अशा दोन्ही जाणणारी, जबाब तिला परत वाचून दाखवायला लावणारी एक सोबतीण हे टाळू शकते.

दुसरी गोष्ट अंतराची. भिवंडीतल्या कित्येक प्रकरणांच्या तारखा ठाण्याला पडतात. भिवंडीहून ठाण्याला थेट लोकल नाही, रिक्षा-बस आणि वाटेतली ट्रकांची कोंडी. आई मागावर किंवा गोदामात रोजावर असेल, तर एक तारीख म्हणजे एका दिवसाची मजुरी. पाचव्या तारखेला ती जात नाही, आणि साक्षीदार गैरहजर अशी नोंद होते.

या शहराला नागरिक आणि पोलीस यांनी शेजारी बसण्याचा अनुभव नाही असे नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या बांधल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, त्याचे श्रेय या समित्यांना दिले जाते. त्या समित्यांचा विषय दंगल होता. दंगल रोखण्यासाठी जे जमले, ते मुलीच्या जबाबासाठी का जमू नये?

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २००९ ची 'पॅरा लीगल व्हॉलंटियर' योजना आहे. तालुका आणि जिल्हा विधी सेवा समितीमार्फत सामान्य नागरिकांना निवडून प्रशिक्षण दिले जाते. पोक्सोच्या २०२० च्या नियमांत मुलासाठी 'सपोर्ट पर्सन' नेमण्याची तरतूद आहे. ही नेमणूक बालकल्याण समिती करते, आणि ती कागदावर राहू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०२३ रोजी सविस्तर आदेश दिले. मात्र त्यासाठी शिक्षण आणि अनुभवाच्या अटी आहेत. आपल्या शिकलेल्या मुलींनी समाजकार्य आणि मानसशास्त्राकडे वळावे, यासाठी हेही एक कारण पुरेसे आहे.

सोबतिणीला किमान एवढे पाठ हवे. तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, हद्दीचे कारण चालत नाही. लैंगिक गुन्ह्याची फिर्याद महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते आणि तिची प्रत फुकट मिळते. ती नोंदवायला नकार देणारा पोलीस स्वतः शिक्षेला पात्र आहे. उपचार सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांत मोफत. रुग्णालय पोलिसांना कळवते, पण प्रौढ स्त्रीला तक्रार करायची नसेल, तर तसे लिहून घेऊन उपचार चालूच ठेवावे लागतात. तपासणी तिच्या संमतीनेच. पुरावा ९६ तासांपर्यंत गोळा करता येतो, म्हणून कपडे धुवायचे नाहीत, ते प्लास्टिकऐवजी कागदात ठेवायचे. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. मुलीचा जबाब पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला हवा त्या ठिकाणी, गणवेश न घालता घ्यायचा असतो. आर्थिक मदतीसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून 'मनोधैर्य' योजना आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. आणि फोन : ११२, स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८.

हे सारे एका पानात बसते. अवघड आहे ते रात्री अकराला उठून जाणे, रुग्णालयाच्या बाकावर तीन तास गप्प बसणे, आणि दोन वर्षांनंतरच्या तारखेलाही त्याच मुलीबरोबर ठाण्याची बस पकडणे. कामतघरासारख्या वस्तीत उर्दू, तेलुगू, मराठी आणि भोजपुरी बोलणाऱ्या दहा बायका यासाठी तयार झाल्या, तरी इथल्या पोलीस ठाण्याचे आणि इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयाचे दार कोणत्याही मुलीसाठी थोडे कमी भीतीचे होईल. तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असते. स्वयंसेवकांची पुढची निवड कधी आहे, एवढे विचारायला तरी या आठवड्यात कुणीतरी जावे.